क्रीटला जायचंय? मग बेट ‘कव्हर’ करायचा नाद सोडा आणि असं प्लॅन करा

ग्रीस म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना सँटोरिनीच आठवतं, पांढरी घरं, निळे घुमट, सनसेटचा फोटो. आणि मग आयटिनररी अशी बनते की सात दिवसांत अथेन्स, मिकोनोस, सँटोरिनी आणि वेळ उरला तर एक दिवस क्रीट. माझं मत नेमकं उलटं आहे. पहिल्यांदा भूमध्य समुद्रातल्या एखाद्या बेटावर सुट्टी घालवायची असेल, सोबत आईबाबा किंवा मुलं असतील, घरात कोणी शाकाहारी असेल, तर सगळेच्या सगळे दिवस क्रीटला द्या, बाकीची बेटं कुठे पळून जात नाहीत. समुद्र, डोंगर, चार हजार वर्षांपूर्वीचे राजवाडे, व्हेनिसच्या लोकांनी बांधलेली बंदरं आणि पोटभर साधं जेवण हे सगळं एकाच बेटावर मिळतं, दर दोन दिवसांनी बॅगा भरून फेरीबोट पकडायची गरज नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी नकाशा लांबून बघितला की कळत नाही. क्रीट मोठं आहे. सिसिली, सार्डिनिया, सायप्रस, कॉर्सिका आणि मग क्रीट, भूमध्य समुद्रातलं पाचव्या नंबरचं बेट. पूर्व-पश्चिम लांबी साधारण २६० किलोमीटर, म्हणजे आपलं मुंबई ते महाबळेश्वर धरा, रुंदी कुठे ६० किलोमीटर तर कुठे जेमतेम १२, आणि मधोमध डोंगरांच्या रांगा, त्यातला प्सिलोरितिस २४५६ मीटरचा. मोठी शहरं सगळी उत्तर किनाऱ्यावर: पश्चिमेला हानिया (मॅपवर इंग्रजीत चानिया असं वाचलं जातं, तेच हे), मग रेथिम्नो, मग राजधानी हेराक्लिऑन आणि पूर्वेला आयिओस निकोलाओस. दक्षिण किनारा लिबियन समुद्राकडे तोंड करून बसलाय, तिकडे छोटी गावं आणि डोंगर ओलांडून जाणारे वळणावळणाचे रस्ते. त्यामुळे एकाच हॉटेलात राहून रोज बेटाच्या एकेका टोकाला जाऊन यायचं म्हटलं तर अर्धी सुट्टी गाडीत जाते, हेराक्लिऑनहून एलाफोनिसी बीच म्हणजे एका बाजूनेच तीन तासांच्या वर ड्राइव्ह आहे.

म्हणून माझा नियम असा, आठ-दहा दिवस असतील तर फक्त दोन मुक्काम. पाच-सहाच दिवस असतील तर एकच मुक्काम, आणि बेटाची एकच बाजू. पश्चिम निवडली तर हानिया, पूर्व निवडली तर हेराक्लिऑन किंवा आयिओस निकोलाओस. आणि विमान शक्यतो एका बाजूला उतरून दुसऱ्या बाजूने परत असं घ्या, हानियाला उतरा आणि हेराक्लिऑनहून निघा. दोन्हीकडे विमानतळ आहेत आणि अथेन्सहून जेमतेम पन्नास मिनिटांची फ्लाईट आहे. तेवढ्याने परतीचा अडीच तासांचा उलटा प्रवास वाचतो.

कधी जायचं हा प्रश्न बाकी सगळ्याच्या आधी सोडवा, कारण त्यावरच सगळं ठरतं. सीझन साधारण मे ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये अख्खा युरोप सुट्टीवर असतो, ऊन कडक, हॉटेलांचे दर वर गेलेले, आणि उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा जोरदार वारा सुटतो त्यामुळे उत्तर किनाऱ्यावर कित्येक दिवस समुद्र खवळलेला असतो. ज्यांची मुलं स्टेट बोर्डाला आहेत त्यांना खरं तर नशिबाने चांगला काळ मिळतो, मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा पहिला आठवडा, डोंगर अजून हिरवे, दिवस लांबलचक, गर्दी कमी. फक्त एक लक्षात ठेवा की तेव्हा समुद्राचं पाणी गार असतं, आपल्याला कोकणातल्या कोमट पाण्याची सवय त्यामुळे पहिल्यांदा पाय टाकल्यावर लहान मुलं बाहेर पळतात. ज्यांना पोहायचंच आहे त्यांनी सप्टेंबर किंवा ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा निवडावा, उन्हाळाभर तापलेलं पाणी तेव्हा मस्त असतं, माझ्या मते वर्षातला तोच सगळ्यात चांगला काळ. दिवाळीच्या सुट्टीत जायचा विचार असेल तर हानिया, हेराक्लिऑन ही खरीखुरी शहरं आहेत, बारा महिने चालू असतात, म्युझियम आणि जुनी शहरं निवांत बघता येतील, पण बीचवरची रिसॉर्ट गावं तोपर्यंत शटर खाली ओढायला लागलेली असतात आणि पाऊस पण सुरू होतो.

व्हिसा. ग्रीस शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात आहे त्यामुळे शेंगेन व्हिसा लागतो, आणि ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो, पण उन्हाळ्यासाठी अपॉइंटमेंट मिळणं हेच मोठं काम असतं त्यामुळे मे-जूनमध्ये जायचं तर फेब्रुवारीतच हलायला लागा. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना नाही, व्हिसा सेंटरचा चार्ज वेगळा. ट्रॅव्हल इन्शुरन्स कमीत कमी ३०,००० युरो कव्हरचा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने व्हॅलिड पाहिजे, आजी-आजोबांचे पासपोर्ट आधी तपासा, नेमके तेच संपत आलेले असतात. हॉटेलं अशीच बुक करा जी फुकट कॅन्सल होतात, आणि नॉन-रिफंडेबल काहीही व्हिसा हातात येईपर्यंत घेऊ नका.

मुंबईहून अथेन्सला दुबई, दोहा, अबुधाबी किंवा इस्तंबूलमार्गे एका स्टॉपने जाता येतं. अथेन्सहून पुढे दोन पर्याय. एक विमान. दुसरा रात्रीची फेरी, पिरेयस बंदरातून संध्याकाळी उशिरा निघते आणि सकाळी हेराक्लिऑनला किंवा हानियाजवळच्या सूदा बंदरात पोचवते, साधारण नऊ तास. केबिन घेतली तर झोप नीट होते, एका रात्रीचं हॉटेल वाचतं, आणि एअरपोर्टवरून पिरेयसपर्यंत थेट मेट्रो आहे. मुलांना तर ही फेरी फार आवडते, एवढं मोठं जहाज आपल्याकडे सहज बघायला मिळत नाही. मात्र भारतातून उतरल्या दिवशी घाईघाईने पुढचं कनेक्शन ठेवू नका, मधे चार-पाच तास तरी असू द्या, इमिग्रेशनच्या रांगेचा भरवसा नसतो. पुढचं तिकीट वेगळं काढलं असेल तर फ्लाईट चुकल्यावर कोणी जबाबदारी घेत नाही.

राहण्यासाठी स्टुडिओ किंवा छोटं अपार्टमेंट बघा, क्रीटमध्ये कुटुंबाने चालवलेली अशी खूप ठिकाणं आहेत, त्यात ओटा, दोन शेगड्या आणि फ्रिज असतो, सकाळचा चहा आणि मुलांचा वरणभात होतो. हानियात जुन्या शहरात राहायचा मोह होतो आणि तो चुकीचा नाही, गल्ल्या सुंदर आहेत, पण तिथे गाडी आत जात नाही आणि जुन्या घरांना जिने अरुंद असतात. गुडघे दुखणारं कोणी सोबत असेल तर जुन्या शहराच्या पश्चिमेला नेआ होरा भागात घ्या, तिथून बंदरापर्यंत चालत जाता येतं आणि बीच पण समोरच. अजून एक, बुकिंगच्या रकमेशिवाय ग्रीसमध्ये दर रात्री दर रूमला एक सरकारी टॅक्स हॉटेलवर भरावा लागतो, तो हॉटेलच्या स्टारवर अवलंबून असतो, सीझनमध्ये साध्या हॉटेलला २ युरो ते पंचतारांकितला १५ युरोपर्यंत. बजेट करताना तो धरा.

गाडी घ्यायची की नाही? उत्तर किनाऱ्यावरच राहणार असाल तर नाही घेतली तरी चालतं, केटेल (KTEL) नावाच्या बससेवेच्या बसेस हानिया-रेथिम्नो-हेराक्लिऑन अशा दिवसभर साधारण तासातासाने असतात, स्वच्छ, एसी, वेळेवर. पण दक्षिणेकडे जायचं असेल, छोटी गावं बघायची असतील तर निदान तीन-चार दिवस गाडी घ्याच. भारतीय लायसन्सबरोबर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं, ते आपल्या आरटीओतून मिळतं, परिवहनच्या साईटवर अर्ज करता येतो, एक वर्ष चालतं. ते नसताना एखाद्याने गाडी दिली तरी घेऊ नका, अपघात झाला तर इन्शुरन्स हात वर करेल. गाड्या उजव्या बाजूने चालतात आणि स्टिअरिंग डावीकडे, त्यात गिअरपण उजव्या हाताने टाकायचा, म्हणून पहिल्यांदा असेल तर ऑटोमॅटिकच घ्या, त्या कमी असतात त्यामुळे लवकर बुक करा. डिपॉझिटसाठी बहुतेक ठिकाणी ड्रायव्हरच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात. तिथल्या स्थानिक कंपन्यांपैकी बऱ्याच जणी पूर्ण इन्शुरन्स दरातच धरून देतात, तरी टायर, काच आणि गाडीचा खालचा भाग त्यात आहे का हे लेखी विचारून घ्या.

रस्त्यावरची एक सवय आधीच समजून घ्या. उत्तरेचा हायवे बराचसा दोनच लेनचा आहे, कडेला रुंद पट्टा, आणि तिथले लोक हळू चालणारी गाडी त्या कडेच्या पट्ट्यावर घेतात म्हणजे मागच्याला ओव्हरटेक करता येतं. तुमच्या मागे कोणी अगदी चिकटून आला तर घाबरू नका, पुढे रस्ता मोकळा दिसला की थोडं उजवीकडे सरका, तो निघून जातो. डोंगरात वळणावर अचानक शेळ्या येतात. आणि गुगल मॅप एखादा ‘शॉर्टकट’ दाखवायला लागला की तो कच्चा रस्ता नाही ना बघा.

आता बघायचं काय. इथे मी सगळी यादी देणार नाही, मला जे खरंच वेळ द्यावं असं वाटतं तेवढंच.

वर म्हटलेल्या चार हजार वर्षांपूर्वीच्या राजवाड्यांपैकी क्नॉसॉसचा राजवाडा हेराक्लिऑनपासून पाचेक किलोमीटरवर आहे. आर्थर इव्हान्स या इंग्रज माणसाने १९०० साली तिथे मोठं उत्खनन सुरू केलं, त्याच्या आधी १८७८ मध्ये मिनोस कालोकेरिनोस नावाच्या हेराक्लिऑनच्याच माणसाने तिथे खणून मोठमोठे रांजण बाहेर काढले होते, त्याचं नाव फार कमी लोक घेतात. आज जे लाल खांब आणि रंगवलेल्या भिंती फोटोत दिसतात त्यातलं बरंच इव्हान्सने काँक्रीट वापरून पुन्हा उभं केलेलं आहे, मूळ चित्रं हेराक्लिऑनच्या पुरातत्त्व म्युझियममध्ये आहेत. म्हणून मी सगळ्यांना सांगते की आदल्या दिवशी दुपारी म्युझियम बघा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडताना क्नॉसॉसला पोचा. म्युझियममध्ये बैलावरून उडी मारणारा माणूस, हातात साप धरलेल्या देवीच्या मूर्ती, १९०८ मध्ये सापडलेली ती गोल फायस्तोसची तबकडी जिच्यावरची लिपी अजून कोणालाही वाचता आलेली नाही, हे सगळं डोळ्यात भरलेलं असलं की मग दगडांच्या भिंतींमध्ये माणसं दिसायला लागतात. उलट क्रमाने केलं तर मुलं क्नॉसॉसला अर्ध्या तासात कंटाळतात. तिकीट ऑनलाईन आधी काढा, पाणी आणि टोपी घ्या, सावली फार कमी आहे. दहानंतर क्रूझवाल्यांच्या बसेस येतात.

समारिया घळ, चालणाऱ्यांसाठी. ओमालोसच्या पठारावर साधारण १२३० मीटर उंचीवरून सुरुवात आणि १६ किलोमीटर उतरत उतरत थेट समुद्रापर्यंत, आयिया रुमेली गावात. पाच ते सात तास लागतात. सर्वात अरुंद ठिकाणी दोन्ही बाजूंचे कडे एकमेकांपासून तीन-चार मीटरवर येतात आणि वर शेकडो मीटर सरळ भिंत. साधारण मे ते ऑक्टोबर उघडी असते, पाऊस किंवा फार उकाडा असला तर त्या दिवशी बंद ठेवतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आयिया रुमेलीला गाडीरस्ताच नाही, तिथून बोटीनेच सूया किंवा होरा स्फाकिओन या गावाला जायचं आणि तिथून बस. म्हणून स्वतःची गाडी ओमालोसला ठेवू नका, हानियाहून सकाळच्या बसने जा, संध्याकाळची बोट आणि बस एकमेकांना धरूनच असतात. सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्यांना हे अंतर काहीच वाटणार नाही पण सलग उतार आहे आणि पायाखाली गोटे, गुडघे आणि बोटं सांगतात. चांगले बूट, बाकी काही नाही. मुलं लहान असतील तर इम्ब्रोसची घळ करा, दोन-अडीच तासांत होते आणि ती पण तितकीच सुंदर.

एलाफोनिसीची गुलाबी वाळू. शिंपल्यांच्या बारीक चुऱ्याने पाण्याच्या कडेला गुलाबी पट्टे दिसतात, अख्खा किनारा गुलाबी नसतो, फोटोवर जाऊ नका, पण पाणी एवढं उथळ आणि पारदर्शक की मुलांसाठी याच्याइतकं सुरक्षित ठिकाण शोधून सापडणार नाही. सकाळी साडेनऊच्या आत पोचा नाहीतर दुपारी चारनंतर. वाळू घरी आणू नका, मनाई आहे आणि ती असायलाच हवी. बालोस या दुसऱ्या बीचसाठी किसामोस गावाहून बोटीने जाणं बरं, रस्त्याचा शेवटचा आठेक किलोमीटर कच्चा आहे आणि बरेच गाडीवाले तिथल्या नुकसानीचा इन्शुरन्स देत नाहीत, शिवाय पार्किंगपासून खाली उतरून परत चढायचं म्हणजे आजी-आजोबांना जड जातं.

एक रात्र काढता आली तर लुत्रोला काढा. छोटंसं गाव, रस्ता नाही, होरा स्फाकिओनहून बोटीने वीसेक मिनिटांत. गाड्यांचा आवाज नाही, समोर लिबियन समुद्र. आणि आपल्याला भरती-ओहोटी बघूनच समुद्रात उतरायची सवय आहे ना, भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी नावापुरतीच असते, पाणी सकाळ-संध्याकाळ जवळपास तिथेच. तिथे बघायचा तो वारा. लाल झेंडा असेल तर पोहायचं नाही.

पूर्वेला असाल तर स्पिनालोंगा हे छोटंसं बेट. प्लाका गावातून बोट जाते. व्हेनिसच्या लोकांनी बांधलेला किल्ला, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून १९५७ पर्यंत क्रीटमधल्या कुष्ठरोग्यांना तिथे नेऊन ठेवायचे. त्यांनी तिथे संसार केले, दुकानं चालवली, मुलं वाढवली. आनंदवन बघितलेल्या मराठी माणसाने तर तिथे जायलाच हवं, त्या गल्लीतून चालताना बाबा आमट्यांनी काय केलं याचं मोल नव्याने कळतं. सेल्फी काढत फिरायची जागा नाही ती, मुलांना आधी घरी समजावून सांगा.

जेवण. इथे शाकाहारी माणसाने घाबरायचं अजिबात कारण नाही, तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन लोकांचे उपवास वर्षातून खूप दिवस असतात आणि त्या दिवसांत मांस, दूध, अंडी काहीच चालत नाही, त्यामुळे भाज्या-कडधान्यांचे पदार्थ घरोघरी मुरलेले आहेत. दाकोस म्हणजे जवाच्या कडक टोस्टवर किसलेला टोमॅटो, मिझिथ्रा चीज आणि ऑलिव्ह ऑईल. फावा म्हणजे डाळीचं घट्ट वाटण, वर कांदा आणि तेल, लिंबू पिळून मुलांना भरवा. होर्ता म्हणजे उकडलेल्या रानभाज्या. बुरेकी म्हणजे बटाटा, झुकिनी आणि चीजचे थर लावून भाजलेलं. यिगांतेस म्हणजे टोमॅटोत शिजवलेले मोठे वाल. आणि स्फाकियाची पिता, चीज भरलेली पातळ पोळी आणि वरून मध, ती सोडू नका. सांगताना ‘होरिस क्रेआस’ म्हणजे मांस नको, आणि ‘होरिस प्सारी’ म्हणजे मासे नकोत, ही दोन्ही वाक्यं म्हणा. उपवासाच्या पदार्थांना ‘निस्तिसिमो’ म्हणतात, त्यात दूध-अंडं नसतं पण कोळंबी, माकूळ चालतात, तेव्हा त्या एका शब्दावर विसंबून राहू नका. भाताचं ‘गामोपिलाफो’ दिसायला साधा मऊ भात असतो, शिजवलेला मात्र मांसाच्या रश्शात. टोमॅटो-सिमला मिरचीत भात भरलेलं गेमिस्ता बहुतेक वेळा शाकाहारी असतं, कधी त्यात खिमा असतो, विचारा. काटेकोर पाळणाऱ्यांसाठी सांगते, पारंपरिक चीजमध्ये बऱ्याचदा प्राण्यांपासूनचं रेनेट (दूध घट्ट करायला घालतात ते) असतं. मासे खाणाऱ्यांनी भाव किलोवर आहे का प्लेटवर हे ऑर्डर देण्याआधीच विचारावं. जेवण झालं की फळं किंवा काहीतरी गोड आणि छोट्या बाटलीत राकी (तिथली द्राक्षाची दारू) बिल न लावता आणून ठेवतात, तो पाहुणचार आहे, पीत नसाल तर हसून नाही म्हणा, चालतं. गाडी चालवणाऱ्याने मात्र घेऊच नये.

किरकोळ पण कामाचं. टॉयलेट पेपर कमोडमध्ये टाकायचा नसतो, शेजारच्या डब्यात टाकायचा, पाईप अरुंद असतात, आणि जेट स्प्रे जवळपास कुठेच नाही, काय करायचं ते आपापलं बघून ठेवा. मठांमध्ये जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, ओढणी बॅगेत असू द्या. दगडी किनाऱ्यांसाठी पाण्यातले बूट घ्या. थोडी कॅश हवीच, बीचवरचं पार्किंग, छोटी दुकानं. इमर्जन्सीला ११२. ऑलिव्ह ऑईल आणि थाईमचा मध आणायचाच असेल तर मोठ्या शहरातल्या सुव्हेनिअर दुकानाऐवजी गावातल्या सहकारी सोसायटीतून किंवा सुपरमार्केटमधून घ्या, तेल पत्र्याच्या डब्यात मिळतं, काचेपेक्षा तेच बरं, चेक-इन बॅगेत कपड्यांमध्ये गुंडाळून ठेवा. आणि अथेन्सपर्यंतचं तिकीट वेगळं असेल तर बॅगा तिथे घेऊन परत चेक-इन कराव्या लागतात, क्रीटहून निघणारी फ्लाईट त्या हिशोबाने सकाळची घ्या.